मुळांखालचं सूत

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना नावं नव्हती. नुसतं ‘अलीकडचा’ आणि ‘पलीकडचा’ म्हटलं की भागायचं.

अलीकडच्या डोंगराच्या पोटाशी बारा-तेरा घरांचं एक गाव होतं. गावाच्या डोक्यावर दाट रान होतं. वर्षातले आठ महिने ते ढगात बुडालेलं असे. झाडांच्या अंगाखांद्यावर शेवाळ लोंबे आणि पानांतून दिवसभर पाणी ठिबके. माती मात्र गरीब. वीतभर काळी आणि तिच्याखाली लाल मुरूम. अशा मातीत एवढं रान उभं कसं राहिलं, हे कुणी विचारलं नव्हतं. जे रोज दिसतं, त्याबद्दल माणसं सहसा विचारत नाहीत.

एका वर्षी पलीकडच्या डोंगराची दरड कोसळली. सकाळी तिथल्या वाडीतून धूर निघत होता, दुपारी तिथं नुसता लाल चिखल होता. त्याच पावसात अलीकडच्या डोंगरावरचीही काही जुनी झाडं उन्मळून पडली, आणि गावाच्या बरोबर वरच्या उतारावर एक उघडा पट्टा तयार झाला. दाढी करताना वस्तरा लागावा, तसा.

रानाची राखण त्या वेळी मंजुळाआत्याकडे होती. पण तिचे गुडघे गेले होते आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणून तिनं ती राखण आपल्या भाचीच्या हाती दिली.

भाचीचं नाव चिमा. गाव तिला ‘दचकी’ म्हणे. वाळलेलं पान पाठीवर पडलं तरी चिमा उडायची. भांडं पडलं की तिच्या हातातलं दुसरं भांडं पडायचं. शेजारची ठकूकाकी रोज विचारायची, “काय गं दचके, आज कशाला घाबरलीस? सरड्याला, की स्वतःच्या सावलीला?”

चिमा हसायची. पण पलीकडचा लाल चिखल तिनं पाहिला होता, आणि तो तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

पाऊस ओसरल्यावर आत्या काठी टेकत टेकत तिच्याबरोबर वर आली. रानातली छोटी रोपं काढून उघड्या पट्ट्यावर लावायची होती. प्रत्येक खड्ड्यात आत्यानं आधी एकेक ओंजळ माती घातली. ती माती जुन्या झाडांच्या बुंध्यापाशी उकरून आणलेली.

“ही रोपाची ओटी,” आत्या म्हणाली. “माहेरची माती. ओटी न भरता रोप लावायचं नाही.”

चिमानं जुन्या झाडाखालची माती बाजूला केली आणि हात झटकन मागे घेतला. मुळांभोवती पांढरं काहीतरी पसरलं होतं. केसाहूनही बारीक, कापूस विंचरताना उडावं तसं.

“आत्या, मुळांना बुरशी लागलीय.”

“लागली नाही गं. नांदतेय. रानाचं सूत म्हणतात तिला.” आत्यानं बोटांनी चाचपून पाहिलं आणि माती परत लोटली. “तुला करायचं ते एवढंच. माती उघड, सूत आहे ना ते बघ, परत झाक. वर येताना रिकाम्या हातानं ये. रानाला काही घालायचं नाही.”

“शेणसुद्धा नाही?”

“नाही. शेतातून आपण दरसाल दाणे काढून नेतो, म्हणून शेताला शेण लागतं. रानातून काय नेतो आपण?”

चिमानं मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं.

वर्ष गेलं. पट्ट्यावरची रोपं गुडघ्याच्या वर सरकेनात. काहींची पानं पिवळी पडली. चिमा सकाळी वर जायची, दुपारी जायची, संध्याकाळी पुन्हा जायची. रोपं बोटांनी मोजायची आणि खाली गावाकडे बघायची. तेरा घरं, तेरा चुली. वरचा पट्टा एक दिवस सुटला तर? या काड्या त्याला धरणार? घरी येऊन ती ताटावर बसायची, तर घास उतरायचा नाही. मग एका दिवशी तिला वाटलं, मी इथं भरल्या ताटापुढे बसलेय आणि ती पोरं वर उपाशी उभी आहेत.

दुसऱ्या दिवशी तिनं वर जाताना शेणाची पाटी नेली.

पंधरा दिवसांत पानं हिरवी झाली. महिन्यात फुटवे आले. चिमाच्या छातीवरचा दगड थोडा सरकला. मग ती रोज पाटी नेऊ लागली. शेण, चुलीतली राख, शेळ्यांच्या लेंड्या. गावाला कळलं तेव्हा गावही लागलं कामाला. भीती तर सगळ्यांनाच होती, फक्त नाव तेवढं चिमाला ठेवलं होतं. गावचे थोरले रावजी म्हणाले, “माझ्या गोठ्यातलं सगळं घेऊन जा, पोरी. परसातली वांगी गेली खड्ड्यात.” ठकूकाकी स्वतः पाट्या भरून द्यायची.

एकट्या आत्यानं हात आडवा केला. तिची झोपडी गावाच्या एका कडेला, अगदी उताराला लागून होती. “माझ्या झोपडीच्या वर लावलेली बारा झाडं तेवढी सोड,” ती म्हणाली. “त्यांना हात लावू नकोस.”

“आत्या, ती खुरटलीत. तुझ्याच घरावर येतील.”

“येऊ देत.”

चिमानं दोनदा गुपचूप तिथं पाटी नेली. दोन्ही वेळा आत्या दारात येऊन नाक वर करून उभी राहिली. “चिमे, वास येतोय,” एवढंच म्हणाली. चिमा पाटी घेऊन परत फिरली.

दोन पावसाळे गेले. दोन्ही मवाळ होते. पट्ट्यावरची झाडं माणसाच्या डोक्यावर गेली, काळीभोर हिरवी, चकचकीत. आत्याची बारा तेवढी अजून कमरेएवढी. लोक वर बघून म्हणायचे, दचकीनं डोंगराला शालू नेसवला. चिमाला रात्री झोप लागू लागली. माती उघडून बघायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. झाडं एवढी हिरवी असताना खाली काय बघायचं?

तिसऱ्या वर्षीच्या वैशाखात, एका सकाळी, धुक्यातून पाटी घेऊन ती वर चढत होती. समोर काहीतरी खसखसलं. चिमा किंचाळली आणि पाटी उलटी झाली. समोर एक साळिंदर होतं, अंगावरचे सगळे काटे उभे करून.

“तू ओरडलीस म्हणून मी फुललो,” साळिंदर म्हणालं. “मी फुललो म्हणून तू आणखी ओरडलीस. आता दोघंही जरा गप्प बसू या.”

दोघंही गप्प बसली. साळिंदराचे काटे हळूहळू खाली आले.

“तू इथं काय करतोयस?” तिनं विचारलं.

“पोट भरतोय. मुळं खातो मी. चार वर्षांपूर्वी या डोंगरावर कुठंही उकरायचं म्हणजे पंजे दुखायचे. जाळ्यात हात घातल्यासारखी माती. आणि आता बघ.” त्यानं पंजा मारला. माती रव्यासारखी भुरभुर खाली घरंगळली. “मला सोयीचं आहे म्हणा. पण मी काही या डोंगराखाली राहत नाही. तुम्ही राहता.”

चिमानं मूठभर माती उचलली, तर ती बोटांतून गळून गेली.

साळिंदरानं एका तरण्या झाडाचं खोड दातांत धरलं आणि मान मागे घेतली. झाड मुळ्यासारखं उपटून आलं. वर पुरुषभर उंच हिरवागार डोलारा आणि खाली मूठभर मुळं. आखूड, जाड, जिथं शेण पडत होतं तिथंच, वरच्या वितीत गुरगुटून बसलेली. पांढरा धागा एक नाही.

“सूत कुठं गेलं?” चिमाचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

“उपाशी मेलं.”

“मी तर रोज पाटी आणत होते.”

“झाडाला आणत होतीस. सुताला कोण देणार? ते झाडाच्या घासावर जगतं. झाड पानात गोड शिजवतं आणि त्यातला वाटा खाली धाडतं. तो खाऊन सूत लांब लांब जातं, खडकाच्या फटीत शिरतं, तिथून कणकण वेचून झाडाला आणून देतं. जाता जाता मातीही शिवून ठेवतं. या गरीब डोंगरावर दोघांचंही असंच चाललं होतं. मग तू झाडाच्या दारात ताट वाढून ठेवलंस. झाड म्हणालं, आता मला या सुताची काय गरज? त्यानं घास बंद केला.”

“आणि सूत काहीच बोललं नाही?”

“बोललं असतं तर तू ऐकलं असतंस?” साळिंदर म्हणालं. “आत्या बोललीच होती की.”

ते धुक्यात निघून गेलं. चिमा उपटलेलं झाड घेऊन तिथंच बसली. मग तिनं एकेका झाडाखालची माती उघडून पाहिली. दहा झाडं, वीस, चाळीस. सगळीकडे रवा. तरी ती उकरत राहिली, जणू एखाद्या झाडाखाली तरी दया येऊन धागा निघेल. शेवटी ती आत्याच्या झोपडीवर, त्या बारा खुरट्यांपाशी आली. तिथं बोट खुपसलं तर बोट आत जाईना. माती दाट विणलेली होती, पांढऱ्या धाग्यांनी.

ती धावत आत्याकडे गेली आणि उपटलेलं झाड तिच्या मांडीवर ठेवलं. आत्यानं मुळं चाचपली.

“तू मला धरून थांबवलं का नाहीस?” चिमा रडत म्हणाली.

“सांगितलं होतं गं. पण तुझ्या भीतीशी भांडायला माझ्यात बळ नव्हतं. पलीकडचा चिखल मलाही दिसत होता, या असल्या डोळ्यांनी. माझ्याच्यानं बारा झाडं राखवली, तेवढी राखली.”

“आता काय करू?”

“पाऊस महिन्यावर आलाय. महिन्यात सूत परत येत नाही. झाडं वाचवायची वेळ गेली, चिमे. माणसं उचल.”

गाव उचलायचं म्हणजे गावाला सांगायचं. चिमा चार माणसांत कधी बोललेली नव्हती. त्यात ‘माझी चूक झाली’ हे सांगायचं. तरी संध्याकाळी पारावर सगळे जमले तेव्हा ती उभी राहिली आणि जमिनीकडे बघत सगळं बोलली. शेण, मुळं, सूत, रवा. आणि शेवटी म्हणाली, “पाऊस संपेपर्यंत समोरच्या माळावर राहायला जाऊ या. सगळ्यांनी.”

ठकूकाकी हसली. “बाई, बाई. इतके दिवस ही सरड्याला भ्यायची. आता स्वतः लावलेल्या झाडांना भ्यायला लागली.”

लोकही हसले. हसणारच. दचकी आजवर शंभरदा दचकली होती आणि शंभरही वेळा काही झालं नव्हतं.

रावजी समजुतीनं म्हणाले, “पोरी, झाडं बघ ना वर. एवढी हिरवी झाडं कधी पडतात का?”

चिमाला काय झालं कोण जाणे. तिनं गावच्या थोरल्याचा हात धरला आणि ओढत वर नेलं. मागून सगळं गाव. “हे उपटा,” ती एका उंच झाडाकडे बोट करून म्हणाली. रावजींनी दोन्ही पाय रोवले, बाह्या सावरल्या, जोर लावला, आणि झाडासकट पाठीवर आडवे झाले. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. रावजी उठले, अंगरखा झटकला. त्यांचा चेहरा उतरला होता.

“आता हे,” चिमा म्हणाली. ती त्यांना आत्याच्या बारा खुरट्यांपाशी घेऊन आली होती.

रावजींनी कमरेएवढं झाड धरलं. ओढलं. पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा फुगल्या. हातात आला तो फक्त पाला.

परत उतरल्यावर लोक बोचकी बांधायला लागले.

पावसाआधी गाव माळावर गेलं. काटक्यांची खोपटं, वर गवत. आत्यालाही पाठीवरून नेलं. आषाढ गेला, काही झालं नाही. चुली धुरकटत होत्या, धान्याला बुरा येत होता आणि लोकांच्या नजरा चिमाकडे वळत होत्या. श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. समोरचा डोंगर धुतल्यासारखा हिरवा दिसत होता. लोक म्हणू लागले, बस झालं, घरी जाऊ.

चिमा त्या हिरव्याकडे बघत होती. आपण चुकीच्या ठरलो तर गाव आयुष्यभर हसेल. एक क्षण तिच्या मनात आलं, पडायचा तो डोंगर पडो एकदाचा. हे आपल्याच मनात आलं, याची तिला इतकी भीती वाटली की तिनं तोंडावर पदर दाबला.

तेवढ्यात तिला दिसलं. ओढा ओलांडून ठकूकाकी गावाकडे निघाली होती, तुरुतुरु. तिची एक कोंबडी घरी अंड्यावर बसली होती आणि काकीला ऊन दिसल्यावर राहवलं नव्हतं.

चिमानं हाका मारल्या. काकीनं मागे न बघता हात हलवला. चिमा तिच्यामागे धावली. ओढ्यात पडली, उठली. काकी कोंबडी काखेत धरून दारातून बाहेर येत होती, तेव्हा वरून आवाज आला. जाडजूड सतरंजी टराटर फाडावी, तसा.

दोघींनी वर पाहिलं. झाडं चालत खाली येत होती. पडत नव्हती. उभीच्या उभी, हिरवीगार, डोलत, सगळा उतार पायाखाली घेऊन.

माळाकडे पळायला वेळ नव्हता. चिमानं काकीचा दंड धरला आणि आडवी ओढत कडेच्या झोपडीकडे नेली, आत्याच्या. मागच्या भिंतीला अंग चिकटवून दोघी बसल्या. जमीन हादरत होती. डावीकडून लाल लोंढा गेला. गोठे गेले, पार गेला, रावजींचं घर गेलं. झोपडीच्या वर, बारा झाडांच्या अलीकडे, जमिनीला हातभर भेग पडली. चिमा त्या भेगेकडे टक लावून बघत राहिली. भेग थोडी रुंदावली. तिच्यात पांढरे धागे ताणलेले दिसत होते, हजारो, उसवलेल्या शिवणीसारखे. मग भेग थांबली.

सगळं शांत झालं तेव्हा कोंबडी पहिल्यांदा ओरडली. आणि नवल म्हणजे चिमा दचकली नाही. दचकली ती काकी.

तेरा घरांतली दोन उरली. माणूस एकही गेला नाही.

संध्याकाळी माळावर ठकूकाकी चिमाजवळ येऊन बसली. कितीतरी वेळ ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, “पुन्हा कधी दचकलीस ना, तर आधी मला सांग.”

दुसऱ्या वर्षी गावानं घरं माळावरच बांधली आणि डोंगराचा जखमी उतार पुन्हा लावायला घेतला. प्रत्येक घरातून एक माणूस आला. प्रत्येकानं बारा झाडांखालून एकेक ओंजळ माती घेतली आणि एकेका रोपाची ओटी भरली. आत्या खाली बसून मातीचा वास घेत होती आणि मान हलवत होती.

ती रोपंही आधी पिवळी पडली. वर्षभर हललीच नाहीत. चिमाला घास उतरायचा नाही, अगदी पूर्वीसारखा. भीती काही तिला सोडून गेली नव्हती, जात नसते. पण आता ती वर जाताना दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायची. रोपापाशी बसायची, माती उघडायची, बघायची. पहिल्या वर्षी एक धागा. दुसऱ्या वर्षी चार. ती माती परत लोटायची आणि रिकाम्या हातांनी खाली यायची.

तेव्हापासून त्या डोंगरावर राखणदार वर निघाला, की ओढ्यापाशी कुणीतरी त्याला हात उघडून दाखवायला सांगतं.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: घाबऱ्या मायेनं ज्याच्या दारात सगळं आयतं वाढून ठेवावं, त्याला दुसऱ्याच्या साथीनं उभं राहणं विसरायला आपणच लावतो.